भरतकामाच्या दोऱ्यातून गोंड्यांची कानातली: एका लडीत एक जोडी

गोंडा म्हणजे एका टोकाला बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा सोडलेला दोऱ्यांचा झुपका. एक गोंडा करणं अवघड नाही. कानातली करताना घाम काढतो तो दुसरा गोंडा, कारण तो पहिल्यासारखाच दिसावा लागतो. लांबीत चार-पाच मिलिमीटरचा फरक असो, एक गोंडा जरा भरदार आणि दुसरा किरकोळ असो, किंवा एकाची मान (दोरा गुंडाळून आवळलेला भाग) वर आणि दुसऱ्याची खाली असो, हातात धरून पाहताना हे जाणवत नाही. कानात घातल्यावर मात्र लगेच डोळ्यात भरतं.

बहुतेक ठिकाणी गोंडे एकेक करून गुंडाळायला शिकवतात आणि जोडी तिथेच फसते. इथे दिलेल्या पद्धतीत दोन्ही गोंडे एकाच गुंडाळणीतून निघतात. रुंद पुठ्ठ्यावर दोरा गुंडाळायचा, दोन्ही कडांना बांधायचा आणि शेवटी मधोमध कापायचा. वेढे मोजायची चूक झाली तरी ती दोन्हीकडे सारखीच होते, त्यामुळे जोडी बिघडत नाही.

दोरा कोणता घ्यावा

पहिल्या जोडीसाठी सुती, सहा पदरी भरतकामाचा दोरा घ्या. त्याची लडी साधारणपणे ८ मीटरची असते. हे सहा पदर एकमेकांभोवती सैल पिळलेले असतात, म्हणून विंचरल्यावर ते मोकळे होतात आणि गोंडा भरतो. सुती दोऱ्यात गाठ धरून राहते, वाफेनं तो सरळ होतो आणि कात्रीखाली निसटत नाही.

रेशमासारखा चमकणारा रेयॉनचा दोरा दिसायला मोहक असतो, पण नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. तो गुळगुळीत असल्यामुळे गाठी सुटतात, कापलेली टोकं आपोआप उसवतात आणि ओला झाला की त्याची ताकद कमी होते. हात बसला की जरूर वापरा. पर्ल कॉटन हा तिसरा पर्याय. त्याला घट्ट पीळ असतो आणि पदर सुटे होत नाहीत, त्यामुळे गोंडा मऊ झुपक्याऐवजी बारीक दोऱ्यांच्या झालरीसारखा दिसतो. त्याच्या क्रमांकाचा हिशेब उलटा असतो: ५ क्रमांकाचा दोरा जाड, ८ चा बारीक.

गडद लाल, निळा, काळा असे रंग वापरण्याआधी एक चाचणी करा. पांढरं सुती कापड ओलं करून त्यात दोरा अर्धा मिनिट चिमटीत दाबून धरा. कापडावर डाग आला तर तो दोरा पांढऱ्या किंवा फिक्या रंगाबरोबर वापरू नका. पुढे वाफ द्यायची आहे आणि रंग तिथेच पसरतो.

लडीवरची कागदी पट्टी फेकू नका. तिच्यावर रंगाचा क्रमांक असतो. दोरा कमी पडला तर नुसत्या नजरेनं तोच रंग पुन्हा मिळवणं कठीण जातं.

धातूचं सामान

प्रत्येक कानातल्यासाठी दोन जंप रिंगा, म्हणजे तारेच्या छोट्या गोल कड्या, आणि एक हुक लागतो. दोरा जिच्यात बांधायचा ती ६ मि.मी. व्यासाची रिंग सांधा झाळून बंद केलेली असावी. उघड्या रिंगेच्या फटीत दोऱ्याचे पदर अडकतात, हळूहळू झिजतात आणि एक दिवस गोंडा गळून पडतो. बंद रिंग मिळाली नाही तर साधी रिंग नीट दाबून बंद करा आणि तिचा सांधा दोऱ्यापासून दूर, वरच्या बाजूला ठेवा. दुसरी रिंग उघडी हवी. ४ ते ५ मि.मी. व्यासाची आणि ०.८ मि.मी. जाड तारेची रिंग ठीक. यापेक्षा बारीक तार बोटानंही उघडते.

हुकाच्या बाबतीत काटकसर नको, कारण कानाच्या छिद्रात तोच जातो. स्वस्त मिश्रधातूत बरेचदा निकेल असतं आणि अनेकांना त्याची ॲलर्जी असते. खाज सुटते, कान लाल होतो, पाणीही येतं. वरचा सोनेरी मुलामा काही काळ संरक्षण देतो, पण तो झिजला की आतला धातू कातडीला लागतो. सर्जिकल स्टीलमध्ये निकेल असतं, पण ते फारच कमी बाहेर पडतं, त्यामुळे बहुतेकांना चालतं. ज्यांना तेही सोसत नाही त्यांनी टायटेनियम किंवा नायोबियमचे हुक घ्यावेत. भेट द्यायची असेल आणि समोरच्याचे कान कसे आहेत हे माहीत नसेल, तर थेट टायटेनियमच घ्या.

हुकाबरोबर पारदर्शक रबरी स्टॉपरही घ्या. गोंडे वजनाला हलके असतात, त्यामुळे केसात किंवा कॉलरमध्ये अडकून हुक वर उचलला जातो आणि नकळत निसटतो.

अवजारं

लहान, धारदार, टोकदार कात्री हवी आणि तिनं कागद कापू नका. बोथट कात्री दोरे कापण्याऐवजी पुढे ढकलते आणि गोंड्याची खालची कड तिरकी येते. निमुळत्या तोंडाच्या दोन छोट्या पकडी लागतील. त्यांच्या तोंडाला आतून दाते नसावेत, नाहीतर रिंगेवर चरे पडतात. मोठ्या नेढ्याची सुई, बारीक दातांचा कंगवा, मोजपट्टी, कागदी चिकटपट्टी आणि कापडाचा डिंक एवढं असलं की झालं.

झटपट चिकटणारा सुपरग्लू मात्र सुती दोऱ्यावर वापरू नका. सुताशी त्याची अभिक्रिया वेगानं होते आणि बोट भाजण्याइतकी उष्णता तयार होते. शिवाय तो दोऱ्यात शोषला जाऊन पांढरट, कडक डाग उरतो. अगदीच गरज पडली तर गाठीवर कापडाच्या डिंकाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरतो.

दोऱ्याचा हिशेब

एका लडीत एक जोडी बसते, पण जेमतेम. म्हणून मोजमाप आधी करा. रिंग बांधायला २५ सें.मी.चे दोन तुकडे आणि मानेला गुंडाळायला ४० सें.मी.चे दोन तुकडे, म्हणजे १३० सें.मी. दोरा सर्वात आधी कापून बाजूला ठेवा. गुंडाळणी आधी केली तर हे तुकडे हमखास कमी पडतात आणि मग मान दुसऱ्या रंगानं बांधावी लागते.

उरले साधारण ६७० सें.मी. पुठ्ठा १२ सें.मी. रुंद घेतला तर एक वेढा कागदोपत्री २४ सें.मी.चा होतो, पण पुठ्ठ्याची जाडी धरून २४.४ सें.मी. धरा. २६ वेढ्यांना ६३५ सें.मी.च्या आसपास दोरा जातो आणि थोडा हाताशी उरतो. प्रत्येक गोंड्यात २६ घड्या येतात, म्हणजे खाली लोंबणारे ५२ दोरे. प्रत्येकाचे सहा पदर मोकळे झाले की ३१२ बारीक धागे होतात. मध्यम भरदार गोंड्याला हे पुरेसं आहे. खूप भरगच्च गोंडा हवा असेल तर दोन लड्या घ्या आणि ४० वेढे घाला. त्यापुढे डोकं, म्हणजे मानेच्या वरचा भाग, इतकं जाड होतं की मान नीट आवळता येत नाही.

तयार गोंड्याची लांबी साडेपाच सें.मी.च्या आसपास येईल, कारण सहापैकी थोडा भाग कातरण्यात जातो. वेगळी लांबी हवी असेल तर हवी ती लांबी अधिक अर्धा सेंटीमीटर, त्याची दुप्पट म्हणजे पुठ्ठ्याची रुंदी.

गुंडाळणी

पुठ्ठा सरळ, न वाकणारा आणि पातळ असावा. त्याच्या दोन्ही अंगांवर मधोमध, म्हणजे ६ सें.मी.वर, पेन्सिलीनं रेघ ओढा.

१. दोऱ्याचं टोक या मधल्या रेघेवर चिकटपट्टीनं चिकटवा, कडेवर नाही. सुरुवात आणि शेवट दोन्ही मधल्या रेघेवर आले तरच दोन्ही कडांवर वेढ्यांची संख्या सारखी राहते.

२. वेढे एकाशेजारी एक, दोन-अडीच सेंटीमीटरच्या पट्ट्यात घाला. एकावर एक थर चढवला तर वरचे वेढे लांब पडतात आणि कातरताना जास्त दोरा वाया जातो.

३. ताण सारखा ठेवा. पुठ्ठा वाकायला लागला तर तुम्ही फार ओढताय. दोरा ताणून गुंडाळला की पुठ्ठ्यावरून काढल्यावर आखडतो आणि गोंडा ठरल्यापेक्षा आखूड होतो.

४. दर दहा वेढ्यांनंतर मोजा. २६ झाले की मधल्या रेघेवर दोरा कापून टोक चिकटवा.

रिंग बांधणं

२५ सें.मी.चा तुकडा सुईत ओवून पुठ्ठ्याच्या एका कडेला सगळ्या वेढ्यांखालून काढा. वर आला की बंद रिंगेतून घाला, पुन्हा वेढ्यांखालून न्या आणि पुन्हा रिंगेतून काढा. असे दोन फेरे झाले की दोन्ही टोकं ओढून वेढ्यांचा जुडगा घट्ट आवळा.

गाठ मारताना एक युक्ती उपयोगी पडते. पहिल्या गाठीत टोक एकाऐवजी दोनदा पिळून घ्या. त्यामुळे दुसरी गाठ मारेपर्यंत पहिली सैल होत नाही. दुसरी गाठ उलट दिशेनं मारा, म्हणजे पहिल्यांदा उजवं टोक वर होतं तर आता डावं टोक वर. दोन्ही गाठी एकाच दिशेनं मारल्या तर त्या हळूहळू घसरतात. दुसऱ्या कडेलाही हेच करा.

आता पुठ्ठा जरा वाकवून दोऱ्याचा सगळा लांब फास हलकेच काढून घ्या. मध्ये कापू नका, अजून वेळ आहे. रिंग वरच ठेवून बांधलेला दोरा फिरवा, म्हणजे गाठ घडीच्या आत लपेल. गाठीची उरलेली टोकं खाली जुडग्यात मिसळून टाका. ती कापली तर गाठ सुटायची भीती असते, आणि खालच्या झुपक्यात ती ओळखूही येत नाहीत.

मान गुंडाळणं

गोंड्याचा गोंडेपणा मानेत आहे, तेव्हा इथे घाई करू नका. फास अजून अखंड असल्यामुळे तो दोन्ही बाजूंनी ताणून धरता येतो आणि मान सफाईनं बसते. आधी मध्ये कापून ठेवलं तर सुटे दोरे सगळीकडे पळतात.

घडीच्या वरच्या टोकापासून ८ मि.मी. खाली बारीक टाचणी टोचून खूण करा. दोन्ही टोकांना हे माप पट्टीनंच घ्या, अंदाजानं नाही. वरचा ८ मि.मी. भाग म्हणजे डोकं.

४० सें.मी.चा तुकडा घ्या. त्याचं एक टोक डोक्याच्या वर ४ सें.मी. बाहेर राहील असं धरा. दोरा मानेवरून खाली ३ सें.मी. न्या, तिथून वळवून पुन्हा वर खुणेपर्यंत आणा. मानेवर आता खाली तोंड करून एक छोटा फास पडला आहे. तो अंगठ्यानं दाबून धरा. लांब टोकानं खुणेपासून सुरुवात करून खालच्या दिशेनं, फासाच्या दोन्ही पायांवरून, एकाखाली एक वेढे घाला. आठ ते दहा पुरेत. हे वेढे घट्ट असावेत, पण एकमेकांवर चढू नयेत.

शेवटच्या वेढ्यानंतर लांब टोक खालच्या फासात घाला. मग डोक्याच्या वर राहिलेलं आखूड टोक हळूहळू ओढा. फास वर सरकेल आणि लांब टोकाला वेढ्यांखाली ओढून नेईल. फास वेढ्यांच्या मध्यापर्यंत आला की थांबा. जास्त ओढलं तर टोक वरून बाहेर येतं आणि सगळी मान उसवते. आत गेलं की नाही हे दिसत नाही, पण ओढताना मध्येच जो अडथळा जाणवतो तीच खूण. वरचं टोक वेढ्याला लागून कापा, खालचं झुपक्यात सोडून द्या.

फास ओढताना अडलाच तर वेढे जरुरीपेक्षा घट्ट झाले आहेत. जोर लावून दोरा तुटण्यापेक्षा दोन-तीन वेढे सोडून पुन्हा घाला.

दोन्ही माना झाल्या की दोन्ही रिंगा जुळवून फास सपाट धरा आणि बरोबर मधोमध एकदाच कापा. हातात दोन गोंडे येतील.

विंचरणं, वाफ आणि कातरणं, याच क्रमानं

क्रम बदलला की काम वाया जातं. लडीतल्या दुमडीमुळे दोऱ्यात बारीक लाटा असतात. वाफ देण्याआधी कातरलं तर तेव्हा खालची कड सरळ दिसते, पण नंतर लाटा सरळ होऊन प्रत्येक दोरा वेगवेगळा लांब होतो आणि पुन्हा कातरावं लागतं. दोनदा कातरलं की गोंडा आखूड होतो.

मान एका हातात घट्ट धरून कंगवा आधी खालच्या टोकाकडून चालवा, मग हळूहळू वर या. थेट वरून ओढलं तर दोरे मानेतून निसटतात. पदर मोकळे झाले की थांबा. फार विंचरलं की सुतावर केस उठतात.

वाफेसाठी उकळत्या किटलीची किंवा इस्त्रीची वाफ चालते. गोंडा बोटात धरू नका, धातूची रिंग लगेच तापते. रिंग पकडीत धरा आणि गोंडा वाफेपासून १५ ते २० सें.मी. अंतरावर आठ-दहा सेकंद फिरवा. तो ओला होता कामा नये, फक्त दमट व्हावा. मग बोटांनी खाली ओढून सरळ करा आणि लटकवून पूर्ण वाळू द्या. इस्त्री गोंड्यावर ठेवली तर तो कायमचा चपटा होतो.

वाळल्यावर कागदाची पट्टी गोंड्याभोवती घट्ट गुंडाळा, हव्या त्या लांबीवर कागदाची कड आणा आणि बाहेर आलेली टोकं कागदाला लागून कापा. कात्री गोंड्याशी काटकोनात धरा, एकाच मोठ्या कापात न संपवता छोटे छोटे काप घ्या आणि गोंडा फिरवत राहा. दुसऱ्या गोंड्यालाही तोच कागद, त्याच खुणेवर वापरा. शेवटी दोन्ही रिंगा एका सुईत ओवून गोंडे शेजारी लटकवा आणि फरक असेल तर लांब गोंडाच कातरा.

हुक लावणं

उघडी रिंग दोन पकडींनी सांध्याच्या दोन्ही बाजूंना धरा. एक टोक स्वतःकडे, दुसरं पलीकडे फिरवा. दोन्ही टोकं डावी-उजवीकडे फाकवू नका, गोलाई बिघडली की रिंग पुन्हा नीट मिटत नाही. तिच्यात गोंड्याची बंद रिंग आणि हुकाची कडी अडकवा आणि उलट फिरवून बंद करा. बंद करताना टोकं एकमेकांना किंचित ओलांडून परत आणा, म्हणजे तारेतला ताण सांधा दाबून धरतो. सांध्यावर नख फिरवा. अडकलं तर फट राहिली आहे.

काय बिघडतं आणि का

गोंडा खाली घंटेसारखा फाकतो: मान फारच अरुंद पट्टीत आवळली आहे. वेढे वाढवून मान ६-७ मि.मी. उंच करा, नाहीतर पुन्हा वाफ द्या. डोकं एका बाजूला कलतं: रिंग घडीच्या मधोमध नाही, ती सरकवून बघा. मान खाली घसरते: वेढे सैल राहिले आहेत. डिंकानं ती तात्पुरती थांबते, पण पुन्हा गुंडाळणं हाच उपाय. मधून एखादा दोरा ओढला की हातात येतो: तो रिंगेच्या बांधणीत सापडलेलाच नाही. सुई घालताना दोन-तीन वेढे सुटले की असं होतं, म्हणून बांधण्यापूर्वी कडेवर सुई सगळ्या वेढ्यांखालून गेली का ते नीट बघा.

थोडा बदल करायचा असेल तर

दोन रंग मिसळायचे असतील तर दोन्ही दोरे एकत्र धरून १३ वेढे घाला. एक रंग आत लपवायचा असेल तर आधी त्याचे १० वेढे, मग त्यांच्यावर दुसऱ्या रंगाचे १६. पुठ्ठ्याजवळचा दोरा घडीच्या आत जातो, त्यामुळे तो रंग गोंडा हलला की मधूनच डोकावतो. मानेला जरीचा दोरा छान दिसतो, पण सगळा गोंडा जरीचा करू नका, कातरलेल्या टोकांशी तिचा पत्रा सुटतो. डोक्यावर मणी किंवा धातूची टोपी बसवायची असेल तर रिंग आधी लावू नका. बांधणीच्या दोऱ्याची दोन्ही टोकं लांब ठेवून त्यांना मण्यातून वर काढा आणि मग रिंगेला गाठ मारा.

ही कानातली धुऊ नका. तेल, अत्तर आणि केसांचे स्प्रे आधी लावा, कानातली शेवटी घाला. डबीत कोंबली तर दोरे मुरगळतात, म्हणून लटकवून ठेवा. प्रवासात प्रत्येक गोंड्याभोवती कागदाची छोटी नळी गुंडाळा. तरीही मोड पडले तर पकडीत धरून पुन्हा आठ-दहा सेकंद वाफ द्या.